तेल ब्लॉकवर, तडा कूलरला

उभ्या गाडीखाली तेलाचा एक थेंब नाही, आणि चालवून आलं की इंजिनच्या ब्लॉकची डावी बाजू पार ओशट, त्यावर धूळ बसून काळा चिखल, बेंड पाइपवर (इंजिनमधून निघून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप) तेल उडून करपल्याचा वास, थांबलं की खालून बारीक धूर. आमच्या मोटरसायकलचं असं बरेच दिवस चाललं होतं. सिंगल सिलिंडर, हवेवर थंड होणारी, पुढे छोटासा ऑइल कूलर असलेली गाडी. ज्याला दाखवली त्याने हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय असंच सांगितलं, कारण तेल तिथेच दिसत होतं ना, हेड आणि ब्लॉकच्या जोडावर, फिन्सच्या म्हणजे थंड करायच्या पात्यांच्या मधे. आता हेड गॅस्केट बदलायचं म्हणजे टाकी काढा, टायमिंग चेन सोडवा, हेड उतरवा, अर्धं इंजिन उघडं, आणि एवढं करून परत तेल आलं तर काय करणार? म्हणून म्हटलं आधी खात्री करू, पाना नंतर लावू.

ऑइल कूलर तसं साधं प्रकरण आहे. इंजिनचा पंप सम्पमधलं (इंजिनच्या तळाशी साठलेलं) तेल उचलतो, त्यातलं काही (काही गाड्यांत जवळपास सगळं) एका पाइपातून पुढच्या जाळीत जातं, चपट्या नळ्यांतून फिरतं, समोरच्या वाऱ्याने जरा निवतं आणि दुसऱ्या पाइपाने परत येतं. हवेवरच्या गाडीत तेल फक्त वंगण नसतं, थंड करायचं बरंचसं काम तेच करतं. सुझुकीने १९८५ च्या जीएसएक्स-आर ७५० मधे तर पाण्याची भानगडच ठेवली नव्हती, कम्बशन चेंबरच्या डोक्यावर वरून तेलाचे फवारे मारून हेड थंड ठेवलं होतं, आणि ते तापलेलं तेल निववायला पुढे मोठा कूलर. आपली गाडी काही तशी नाही, पण मुद्दा तोच की कूलरमधलं तेल नुसतं साठलेलं नसतं, ते पंपाने ढकललेलं असतं. टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) गॅस्केटमधून झिरपतं ते सावकाश ओलं होत जातं, तिथे फारसं प्रेशर नसतं. कूलरच्या लाइनला मोठं भोक पडलं तर मात्र सम्प रिकामा व्हायला फार वेळ लागत नाही, आणि हे सगळं मागच्या टायरच्या बरोबर पुढे होत असतं. त्यामुळे कूलरचा लीक छोटा असला तरी बघू पुढच्या सर्व्हिसला असं म्हणून सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तेल सुटू शकतं अशा जागा म्हटलं तर मोजक्याच असतात. इंजिनच्या बाजूला बँजो बोल्ट (पाइपाच्या टोकाच्या गोल डोळ्यातून जाणारा पोकळ बोल्ट, तेल त्यातूनच जातं) आणि त्याचे वॉशर, म्हणजे बँजोच्या डोळ्याच्या दोन्ही अंगांना एकेक असे दोन, तांब्याचे नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचे. काही गाड्यांत बँजोऐवजी छोटी फ्लँज आणि ओ-रिंग असते. मग रबरी होज आणि तिच्या टोकांना दाबून बसवलेली लोखंडी टोपी, तिथलं रबर उष्णतेने कडक होऊन आतल्या आत आकसतं. मग कूलरच्या बाजूचे जोड. आणि शेवटी खुद्द कूलर: पुढून दगड लागून फुटलेली नळी, किंवा ब्रेझिंगच्या (मधे दुसरा धातू वितळवून केलेल्या) जोडाला गेलेला तडा. यादी एवढीच. अवघड काय आहे तर तेल यातल्या कुठल्याही जागेवरून सुटलं तरी मागे जाऊन एकाच ठिकाणी दिसतं. घरात भिंतीला ओल खाली येते आणि फुटलेला असतो वरच्या मजल्यावरचा पाइप, तसलाच प्रकार, फक्त पाणी नुसतं खाली उतरतं, इथे तेल खाली आणि मागे दोन्हीकडे जातं कारण समोरून वारा असतो. त्यामुळे सगळ्यात ओली जागा सापडली की तिच्या वर आणि पुढे बघायचं, आणि वर-पुढे सरकत जाऊन जिथून पुढे सगळं कोरडं आहे तिथे थांबायचं. आमच्या गाडीत हेडच्या जोडाच्या वर आणि पुढे काय होतं? कूलर. पण कूलर समोरून बघितला तर चकचकीत कोरडा, म्हणूनच कोणाचा संशय तिकडे गेला नसणार.

त्याआधी दोन फालतू वाटणाऱ्या गोष्टी बघून घेतल्या. एक म्हणजे हे इंजिन ऑइलच आहे का. फोर्कचं सील गेलं तरी तेल उडून मागे येतं, चेन ल्यूब फेकला जातो, क्लचची हायड्रॉलिक लाइन असेल तर तिचंही द्रव असतं. पांढऱ्या कागदावर टिपून वास घेतला की बहुतेक कळतं. दुसरं म्हणजे तेल जास्त तर भरलेलं नाही ना. गाडी सरळ उभी करून, इंजिन गरम करून बंद करायचं, काही मिनिटं तेल खाली उतरू द्यायचं आणि मग लेव्हलची काच बघायची. साइड स्टँडवर तिरकी असताना बघून भरलं की हमखास जास्त होतं, आणि जास्तीचं तेल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर बॉक्समधे जाऊन तिथून टपकतं, मग लोक गॅस्केटं बदलत बसतात. आमची लेव्हल उलट खालच्या खुणेजवळ आली होती, म्हणजे तेल खरंच बाहेर जात होतं.

मग धुणं. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण जुन्या चिखलावर नवं तेल ओळखूच येत नाही. गार इंजिनवर डीग्रीझर मारून, ब्रशने फिन्सच्या आतपर्यंत घासून, पाण्याने धुऊन, आणि मग वाळवून. फिन्सच्या मुळाशी दात घासायचा जुना ब्रश पोचतो. पेट्रोल वापरू नका, आणि ब्रेक क्लीनर वापरणार असाल तर इंजिन पूर्ण गार असू दे, तो पेट घेतो, आणि क्लोरीनवाला असेल तर तापलेल्या धातूवर त्याचा विषारी वायू होतो, ही गंमत नाहीये. रंग आणि रबरालाही तो चालत नाही. कूलरच्या जाळीवर प्रेशर वॉशर अगदी जवळून मारायचा नाही, त्या पातळ पत्र्या आडव्या झोपतात आणि मग हवाच जात नाही.

धुऊन वाळल्यावर टाल्कम पावडर. ही युक्ती नवीन अजिबात नाही, रेल्वेच्या कारखान्यांत जुन्या काळी आस आणि चाकांतले तडे शोधायला हेच करायचे: भाग पातळ केलेल्या तेलात बुडवून ठेवायचा, बाहेर काढून पुसायचा, वर खडूच्या भुकटीचा लेप द्यायचा, की तड्यात शिरलेलं तेल बाहेर येऊन पांढऱ्यावर डाग उमटवतं. आज वर्कशॉपमधे तड्यांसाठी लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर मारतात ती त्याचीच सुधारलेली आवृत्ती. आपल्याकडे तेल आधीच आत आहे, फक्त पांढरं लावायचं. यूव्ही डाय टाकून निळ्या टॉर्चने बघायचीही पद्धत आहे आणि ती चालते, पण बरीच इंजिन ऑइलं मुळातच त्या उजेडात थोडी चमकतात, आणि ओल्या क्लचच्या (क्लच इंजिन ऑइलमधेच असतो अशा) गाडीत तेलात काहीही मिसळायचं तर ते क्लचला चालतंय का हे आधी बघावं लागतं, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

पावडर मारली, इंजिन चालू केलं, आयडलवर बराच वेळ ठेवलं. काही नाही. थ्रॉटल देऊन बघितलं, तरी सगळं पांढरंशुभ्र. इथे बरेच जण म्हणतात लीक नाहीच आणि सोडून देतात. पण आयडलला तेलाचं प्रेशर कमी असतं, ते आरपीएमबरोबर वाढतं, आणि उभ्या गाडीला रस्त्याचे धक्के नसतात. शिवाय तेलाच्या घट्टपणाचा खेळ वेगळाच. आपलं नेहमीचं १०डब्ल्यू-४० तेल १०० अंशाला जेवढं पातळ असतं त्याच्या साधारण सहा-सात पट घट्ट ४० अंशाला असतं. म्हणजे गार इंजिन रेस केलं तर प्रेशर जास्त पण तेल घट्ट, बारीक फटीतून येत नाही, आणि गरम झालं की पातळ होऊन कुठूनही येतं. होजच्या टोपीचं उलटं असतं, तिथे कधीकधी गार असताना गळतं आणि तापून रबर फुगलं की बंद होतं. म्हणून कधी गळतं, गार का गरम, उभी का पळताना, धक्क्यांच्या रस्त्यावर का गुळगुळीत, हे लिहून ठेवलं तर अर्धी माहिती तिथेच मिळते. आमचं गळणं फक्त पळताना होतं आणि खराब रस्त्यावर जास्त. गॅस्केटला रस्त्याशी काय देणंघेणं, हे तेव्हाच डोक्यात आलं.

पण पळवून आणली तर पावडरीचं वाऱ्याने पार वाटोळं झालेलं, डावी बाजू ओली, बाकी काही कळेना. मग टिश्यू पेपर. प्रत्येक बँजोला, होजच्या प्रत्येक टोपीला, टॅपेट कव्हरच्या कडेला आणि हेडच्या जोडावर पुढच्या फिन्समधे टिश्यूची दोन-तीन पदरी पट्टी, वर केबल टाय किंवा तार. बेंड पाइपपासून सगळं लांब ठेवायचं, कागद आहे, पेटेल. फार लांब जायचं नाही, थोडंसं फिरून यायचं आणि इंजिन गार व्हायच्या आत बघायचं. बँजो कोरडे. होजच्या टोप्या कोरड्या. टॅपेट कव्हर कोरडं. हेडच्या जोडावरची पट्टी ओली, आणि इथे मेकॅनिक असता तर म्हणाला असता बघा सांगितलं होतं. पण पट्टी उलगडली तर बाहेरचा पदर तेलाने भिजलेला आणि ब्लॉकला चिकटलेला आतला पदर स्वच्छ. तेल ब्लॉकमधून आलं असतं तर आतला पदर आधी भिजला असता. म्हणजे ते समोरून हवेत उडून येऊन तिथे बसत होतं. हेड गॅस्केट सुटलं बिचारं.

समोर फक्त कूलर. पुढून कोरडा, पण मागून? मागे फ्रेम आणि कूलर यांच्यात बोटभर जागा, तिथे डोळा जात नाही, म्हणून छोटा आरसा आणि टॉर्च. खालच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे फ्रेमला बसवायचा कान कूलरच्या टोकाच्या टाकीला ब्रेझ केलेला असतो, तिथे मागच्या बाजूने ओलसर चकाकी. समोरचा वारा ते तेल तिथून उचलून सरळ ब्लॉकवर नेत होता, कूलरच्या तोंडावर एक थेंब ठेवत नव्हता.

तरी नुसत्या ओलीवर मी कूलर भंगारात काढणार नव्हतो, मागे वरूनही ओघळलेलं असू शकतं. कूलर उतरवला, तेल निथळलं, एका तोंडाला बूच आणि दुसऱ्या तोंडाला होजच्या तुकड्यातून ट्यूबचा व्हॉल्व, आणि पायपंपाने हवा. २० पीएसआयच्या आसपास पुरते, जास्त भरायची हौस करू नका, दाबलेली हवा पाण्यासारखी नसते, बूच सुटलं तर गोळीसारखं उडतं. मग बादलीत. बुडवल्यावर जाळीत अडकलेली हवा आधी भरभर बुडबुडे सोडते, त्याला फसायचं नाही, हाताने झटकून थांबायचं, आणि एकाच जागेवरून सारखी येणारी बुडबुड्यांची माळ शोधायची.

माळ आलीच नाही. कूलर पास. खरं सांगतो तेव्हा जरा तोंडचं पाणी पळालं, कारण मग परत गॅस्केटवर यायला लागलं असतं. पण खराब रस्त्यावर जास्त गळतं हे डोक्यात होतं, म्हणून पाण्यात असतानाच तो खालचा कान बोटांनी धरून अगदी हलका वाकवला, आणि कानाच्या मुळाशी बारीक माळ सुरू. सोडला की बंद, वाकवला की सुरू. केसाएवढा तडा, ब्रेझिंगच्या कडेने, नुसत्या डोळ्यांना दिसतही नव्हता. उभ्या गाडीत कानावर जोर नाही म्हणून तडा मिटलेला, पळताना थरथर सुरू झाली की उघडझाप.

कान का तुटतो हे शोधलं नसतं तर नवीन कूलरही तिथेच तुटला असता. कूलर फ्रेमला रबरी बुशातून बसतो, आणि बुशाच्या आत एक छोटी लोखंडी नळी असते, कॉलर म्हणा. ती रबराच्या जाडीपेक्षा किंचित आखूड असते. बोल्ट आवळला की तो त्या कॉलरवर घट्ट बसतो, रबर जरासंच दाबलं जातं आणि कूलरला हलायला मुभा राहते. खालच्या डाव्या बुशात कॉलरच नव्हती. कधीतरी काम करताना कोणाच्या हातून पडली असेल, त्याशिवायच बोल्ट आवळला, रबर चपटं होऊन वॉशरखालून बाहेर आलं, आणि कूलरचा तो एक कोपरा फ्रेमला घट्ट जखडला गेला. बाकीचे कोपरे हलतात, हा हलत नाही, मग सगळी थरथर त्या एका जोडावर. सिंगल सिलिंडरची थरथर काय असते हे वेगळं सांगायला नको. तुमच्या गाडीला कूलर असेल तर हे काम फुकटात करता येतं: कूलर हाताने धरून हलवून बघा, चारी बाजूंनी थोडासा सारखा दबला पाहिजे, एक कोपरा दगडासारखा लागला तर तिथला बुश उघडा.

दुरुस्त करायचा का बदलायचा? अ‍ॅल्युमिनियमला टिग वेल्डिंग होतं, पण तेल मुरलेलं अ‍ॅल्युमिनियम वेल्डरचं डोकं खातं, कितीही धुतलं तरी तापल्यावर आतून तेल येतं आणि वेल्ड सच्छिद्र होतो, त्यात ब्रेझिंगच्या शेजारी उष्णता दिली की शेजारचा जोड सुटायची भीती. जुन्या, न मिळणाऱ्या कूलरसाठी चांगल्या हाताच्या वेल्डरकडे जाणं ठीक, माझ्या गाडीचा मिळत होता म्हणून बदलला. इपॉक्सी घरी पोचण्यापुरतं. आणि सिलिकॉन सीलंट तर नकोच, बँजोच्या आत तर अजिबात नको, त्याचे पापुद्रे सुटून तेलाच्या बारीक वाटांत जातात आणि हेडला तेल पोचणं बंद होतं, म्हणजे बाहेरचे दोन थेंब वाचवायला कॅमशाफ्ट घालवायचा. बँजोला टेफ्लॉन टेपही नको, तिथे आटे सील करत नाहीत, वॉशर करतो.

बसवताना दोन गोष्टी सांभाळल्या. कूलरच्या तोंडाचा नट आवळताना कूलरच्या बाजूचं षटकोन दुसऱ्या पान्याने धरून ठेवायचं, नाहीतर सगळा पीळ त्या पातळ ब्रेझिंगवर जातो. गळतंय म्हणून एका पान्याने अजून आवळून चांगले कूलर फाडलेले मी बघितलेत. आणि बँजो बोल्ट आधी हाताने, बोटांनी, आटे नीट लागल्याची खात्री करून, मग टॉर्क पाना, आकडा मॅन्युअलमधला. इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेले तर गळती परवडली म्हणायची वेळ येते. वॉशर नवीनच टाकले. तांब्याचा जुना वॉशर लालबुंद तापवून पाण्यात टाकला की परत मऊ होतो हे खरं आहे, पण एवढं सगळं उघडल्यावर तिथे कंजूषी कशाला. कॉलर मात्र सुटी मिळाली नाही, स्टीलच्या नळीचा तुकडा कापून, दुसऱ्या बुशातल्या कॉलरएवढा घासून बसवला. चारही रबरं बदलली कारण बाकीचीही लाकडासारखी झाली होती.

रिकामा कूलर तेल पितो, हे लक्षात ठेवून लेव्हल बघा. भरून, चालू करून, प्रेशरचा दिवा विझला याची खात्री करून, थोडं फिरवून, बंद करून, थांबून परत बघायचं, आणि कमी पडेल तेवढं भरायचं. मागच्या टायरची डावी कडा साबणाच्या पाण्याने घासून काढली, मागची डिस्कही पुसली. ब्रेक पॅडवर तेल मुरलेलं नव्हतं, मुरलं असतं तर तेही बदलले असते, धुऊन वापरण्यातली ती वस्तू नाही. पहिल्या लांबच्या फेरीनंतर गार झाल्यावर बँजोचा टॉर्क परत तपासला, एकही हलला नव्हता, आणि आरशाने कूलरची मागची बाजू बघितली ती कोरडी. टॅपेट कव्हरच्या उजव्या कडेला आता जरा ओलसर दिसायला लागलंय, तिथे आज पट्टी बांधलीय, उद्या आतला पदर बघू.